सही केलीस, आता रडू नकोस

एजन्सीने फसवलं, असं तू कॉलेजभर सांगत फिरतो आहेस. कँटीनमध्ये सांगून झालं, होस्टेलवर सांगून झालं, शेवटी माझ्या टेबलापाशी आलास. बरं केलंस. आता खाली बस आणि ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, तुझं बोलून झालेलं आहे. बाकीच्यांनीही दारात घुटमळू नका, आत या. याची कानउघाडणी ही तुमचीही आहे.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. चहाच्या जाहिरातीसाठी गाणं मागितलं, सहा महिने फक्त इंटरनेटवर चालेल असं सांगितलं आणि चाळीस हजार रुपये दिले. आज दुसऱ्या वर्षी तेच गाणं टीव्हीवर क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये वाजतं आहे. तेही चहासाठी नाही, तर पानमसाल्याच्या नावाने खपणाऱ्या वेलदोड्यासाठी. तुला त्यातली दमडी मिळालेली नाही. आजी विचारते, "बाळा, तू आता हे विकायला लागलास का?"

सहा महिने, इंटरनेट आणि चहा हे तुला कुणी सांगितलं? फोनवर एजन्सीतल्या मुलाने. सही कशावर केलीस? कागदावर. मग तो कागद आता आपण वाचू. सही करण्याआधी ते काम तू केलेलं नाहीस.

दोनच पानं आहेत. मथळा लायसन्सचा आहे, पण दुसऱ्या कलमात शब्द हस्तांतरणाचा आहे. तिसऱ्या कलमात लिहिलं आहे: सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्याही, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी. चौथ्यात लिहिलं आहे की कंपनी किंवा ती नेमेल तो कोणीही गाणं कापू शकेल, लांबवू शकेल, त्यातले शब्द बदलू शकेल आणि कोणत्याही उत्पादनासाठी वापरू शकेल. पाचव्यात मोबदला एकरकमी, पूर्ण आणि अंतिम. चहा कुठे आहे यात? नाही. सहा महिने? नाहीत. चहाचं नाव फक्त ईमेलच्या विषयाच्या ओळीत होतं, आणि करारात स्पष्ट म्हटलंय की आधीचा सगळा पत्रव्यवहार आणि बोलणं या करारापुढे रद्द समजावं. हे सातवं कलम. तेही तुझ्या सहीच्या वरच आहे.

घर भाड्याने देताना तुझे वडील काय करतात? अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, भाडं किती, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, भिंत पाडायची नाही, सगळं लिहून घेतात. तू भाडेकराराचं मुखपृष्ठ बघून खरेदीखतावर सही केलीस आणि आता भाडेकरू घर सोडत नाही म्हणून बोंब मारतो आहेस.

तो एजन्सीतला मुलगा गोड बोलून खोटं बोलला. त्याची बाजू मी घेणार नाही. पण कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त हक्क पदरात पाडून घेणं हे त्याचं काम होतं, ते त्याने चोख केलं. तुझं काम तू केलं नाहीस.

आता कायदा ऐक. सेमिस्टरच्या तिसऱ्या युनिटमध्ये होता. तू बहुतेक तेव्हा रियाजाला गेला होतास. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हस्तांतरण लेखी हवं, त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला काय हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम 30अ मुळे लायसन्सलाही हाच नियम लागतो. म्हणजे त्या दोन जागा कोऱ्या राहिल्या असत्या तरी कायदा तुझ्या पाठीशी उभा राहिला असता! तू मात्र 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' या शब्दांखाली आपलं नाव घातलंस. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कलम 18 तर असंही सांगतं की हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम व्यवहारात नव्हतं, त्याचा नाव घेऊन उल्लेख नसेल तर त्याचा हक्क जात नाही. 'पुढे निघतील ती सगळी' ही मोघम ओळ तिथे लटकी पडू शकते. पण टीव्ही काही काल निघालेला नाही.

तुझ्यासारखे मोठमोठे फसले आहेत. म्हणून तुझी चूक लहान होत नाही, पण काय होतं ते तरी कळेल. 1963 मध्ये लिव्हरपूलच्या विशीतल्या दोन पोरांनी, बीटल्समधल्या लेनन आणि मॅकार्टनीने, एका प्रकाशकाबरोबर 'नॉर्दर्न साँग्ज' नावाची कंपनी काढायला सही दिली. निम्मा हिस्सा प्रकाशकाकडे गेला. 1969 मध्ये त्याने आपला हिस्सा एटीव्ही कंपनीला विकून टाकला आणि गाणी लिहिणाऱ्यांच्या हातून स्वतःच्या गाण्यांचा ताबा गेला. 1985 मध्ये तो सगळा गाण्यांचा साठा मायकल जॅक्सनने 4 कोटी 75 लाख डॉलरला घेतला. 1987 मध्ये 'रेव्होल्यूशन' हे बीटल्सचं मूळ रेकॉर्डिंग अमेरिकेत टीव्हीवर नायकीच्या बुटांसाठी वाजायला लागलं. परवानग्या दोन लागल्या. शब्द आणि चाल यांची परवानगी जॅक्सनच्या कंपनीकडून, रेकॉर्डिंगची कॅपिटॉल-ईएमआयकडून. मॅकार्टनी आणि हॅरिसन जाहीरपणे चिडले, बीटल्सची कंपनी कोर्टात गेली, 1989 मध्ये तडजोड झाली. जगातला सर्वांत मोठा बँड, पण जाहिरातीला नकार द्यायची किल्ली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या खिशात गेली होती. त्यांच्याकडे निदान वकिलांची फौज होती. तुझ्याकडे माझं हे टेबल आहे.

तिथल्या दोन परवानग्या नीट लक्षात ठेव, कारण आता मी तुझ्या खऱ्या गुन्ह्याकडे येते. आत्तापर्यंत बोलले तो निष्काळजीपणा होता. यापुढे जे आहे त्याला मी वेगळं नाव देईन.

तू विकलंस ते गाणं कुणाचं?

शब्द कुणाचे? मराठी विभागातल्या त्या मुलीचे. चाल तुझी, हे मान्य. सुरुवातीचा आलाप कुणाचा? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीचा. तबला वाजवणाऱ्याला तू मिसळ खाऊ घालून परत पाठवलंस. स्टुडिओचे पैसे चौघांनी वर्गणी काढून भरले, पावती तुझ्या नावावर फाडली. कायद्यात गाण्याचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि रेकॉर्डिंग ही तिसरी. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. शब्दांचा हक्क त्या मुलीने लेखी कुणालाही दिलेला नाही, म्हणजे तो आजही तिचाच आहे. जे तुझं नव्हतं ते तू विकलंस, आणि चाळीस हजारांतला किती वाटा तिला दिलास? बोल. गप्प बसायला मघाशी सांगितलं होतं, आता परवानगी आहे.

नाही सांगता येत ना? मग मी सांगते. तिसऱ्या ओळीत तिने 'सावली' लिहिलं होतं. जाहिरातीत त्या जागी वेलदोड्याच्या ब्रँडचं नाव घातलं आहे. तिला हे कळलं कसं? तिच्या वडिलांनी बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज वाढवून हाक मारली, "अगं, हे तुझंच ना?" ती माझ्याकडे तुझ्याआधी येऊन गेली. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. एवढंच विचारलं की बाई, माझी ओळ बदलताना मला विचारायला नको होतं का?

फसवणुकीची व्याख्या करायची तर तुझी तक्रार एजन्सीवर आहे तशीच तिची तुझ्यावर आहे. फरक इतकाच की तुझ्या हातात निदान चाळीस हजार पडले.

आणि कराराचं आठवं कलम वाच. गाण्यावर माझी एकट्याची मालकी आहे, सर्वांच्या परवानग्या मी घेतल्या आहेत, कुणी हरकत घेतली तर कंपनीचं सगळं नुकसान मी भरून देईन. खाली तुझी सही. उद्या ती मुलगी कोर्टात गेली तर कंपनी दावा तुझ्याकडे वळवील. एजन्सीला कोर्टात खेचायच्या गप्पा मारणारा तू, तिथे प्रतिवादी म्हणून उभा राहशील.

बँडमध्ये आपण सगळे भाऊ-भाऊ, कागद कशाला, हे तुमचं नेहमीचं पालुपद. लॉस एंजेलिसच्या 'द डोअर्स'मध्येही चौघे भाऊच होते. 1968 मध्ये जिम मॉरिसन परदेशात असताना ब्युक मोटारीच्या जाहिरातीसाठी 'लाइट माय फायर' मागितलं गेलं आणि मागे राहिलेल्या तिघांनी होकार दिला. परतल्यावर मॉरिसन इतका भडकला की टीव्हीवर ब्युक घणाने फोडीन अशी त्याने धमकी दिली. त्या गटात एक गोष्ट तरी धड होती: पैसा चौघांत समान आणि प्रत्येकाला नकाराचा हक्क. मॉरिसन गेल्यानंतर, पुढच्या शतकात, कॅडिलॅकने 1 कोटी 50 लाख डॉलर देऊ केले तेव्हा ड्रमर जॉन डेन्समोरच्या एकट्याच्या नकाराने ते थांबलं. बाकीचे नाराज झाले, नाती तुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण ज्याचं गाणं त्याला 'नाही' म्हणता आलं. तुझ्या बँडमधल्या तिघांना 'हो' म्हणायचीसुद्धा संधी तू ठेवली नाहीस.

आपल्याकडे हे हक्क कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी निर्मात्याने गाणं करवून घेतलं तर उलट करार नसल्यास पहिला मालक निर्माताच. पुढची पस्तीस वर्षं कितीतरी गीतकार-संगीतकारांनी पेमेंट घेतलं, व्हाउचरवर सही केली आणि घरी गेले. त्यांची गाणी मात्र पुढे कमावत राहिली. 2012 मध्ये कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले, आणि त्यापायी चित्रपटसृष्टीतल्या बड्या मंडळींचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. आज शब्द आणि चाल करणाऱ्याला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. दिला तर फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला. त्याविरुद्ध लिहिलेला करार त्या बाबतीत निरर्थक ठरतो. तो वाटा गोळा करायला 1969 पासून आयपीआरएस नावाची संस्था आहे. तुझं नाव आहे त्यात? त्या मुलीचं? गाण्याची नोंद आहे? नाही. मोठ्यांनी भांडून मिळवलेलं तुम्हाला फॉर्म भरून घ्यायचाही कंटाळा येतो.

आता मागच्या बाकावरचे हसू नका. तुमचीही पाळी आहे. याच्या गाण्याला ग्रुपवर 'विकला गेला' म्हणून शेरे मारणारे तुम्हीच ना? उंटावरून शेळ्या हाकू नका. जाहिरातीला गाणं देणं हे पाप असतं तर या देशातल्या निम्म्या थोर संगीतकारांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसला नादिया बुलांजेंकडे शिकले, परत येऊन 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका'चं संगीत केलं, आणि 7,000हून अधिक जिंगल्सही केल्या. त्यांनी 'तमस' केलं तेव्हा कुणाला ते हलके वाटले का? झाकिर हुसेन यांनी चहाच्या जाहिरातीत तबला वाजवला; त्यांचा तीनताल त्यामुळे बिघडला नाही. इंग्लंडचा गायक निक ड्रेक 1974 मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला, हयातीत त्याच्या रेकॉर्ड्स फारशा कुणी घेतल्या नाहीत. 1999 मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजलं आणि लोक दुकानात त्याचं नाव विचारत गेले. गाणं तेच होतं. ते ऐकायला कान मिळाले.

पण त्याच भाटियांच्या शेवटच्या दिवसांतल्या, 2019 मधल्या बातम्याही वाचा. औषधपाण्याला पैसे नव्हते, मदतीसाठी हाक द्यावी लागली. त्यांचा पैसा जाण्याची कारणं निराळी होती, ती मी जिंगलच्या माथी मारत नाही. पण आपल्याकडे जिंगलचा पैसा बहुधा एकदाच मिळायचा, जाहिरात कितीही वर्षं वाजो. त्या हजारो जिंगल्सचा थोडा थोडा वाटा घरी येत राहिला असता तर म्हातारपणी केवढा आधार झाला असता, हा हिशेब तुम्ही करा. 'पेमेंट झालं ना, मग बास' म्हणणाऱ्यांनी तर आधी करा.

आणि ज्यांना खरोखर नको असेल त्यांनी खुशाल नाही म्हणावं. गायक टॉम वेट्स जाहिरातींना नाही म्हणत आला. 1988 मध्ये फ्रिटो-ले कंपनीने चिप्सच्या जाहिरातीसाठी त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढणारा गायक आणला. वेट्स कोर्टात गेला, ज्युरीने सुमारे 25 लाख डॉलर देवविले, आणि 1992 मध्ये अपिलातही बराचसा निकाल टिकला. त्याच सुमारास गायिका बेट मिडलरने फोर्डला नकार दिल्यावर एजन्सीने तिच्याच जुन्या साथीदार गायिकेकडून तिच्यासारखं गाऊन घेतलं. गाण्याची रीतसर परवानगी त्यांनी घेतली होती, आवाजाची नव्हती. तिथेच ते अडकले. आज नक्कल करायला माणूसही लागत नाही, यंत्र पुरतं. म्हणून 2024 मध्ये अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना आपल्या आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तुझ्या करारात 'कोणत्याही तंत्राने पुनर्निर्मिती' असे शब्द आहेत. त्या आलाप घेणाऱ्या पोरीचा आवाज उद्या तिने न गायलेल्या जाहिरातीत ऐकू आला तर तिला काय उत्तर देणार आहेस?

म्हणजे हो म्हणा किंवा नाही म्हणा, माझं दोन्हीला काही म्हणणं नाही. पण हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क हातात असावा लागतो. तो तुम्ही वाचायचा आळस करून घालवता, आणि मग कलेच्या शुद्धतेवर भाषणं देता. याचा मला संताप येतो.

आता कामं ऐक, वहीत लिही. पहिलं, आज संध्याकाळी त्या तिघांना भेट. व्हॉट्सअॅपवर सॉरी टाकून भागणार नाही, समोर बसून माफी माग आणि चाळीस हजारांचा हिशेब दे. तुझे खर्च होऊन गेले असतील तर गिटार विक, वडिलांकडे मागू नकोस. दुसरं, ज्या वकीलबाई आपल्याकडे कायद्याचा तास घेतात त्यांच्याकडे त्या मुलीला घेऊन जा. शब्द तिचे आहेत आणि कंपनीला त्यांची परवानगीच मिळालेली नाही, त्यामुळे बोलणी करताना खरं वजन तिच्या सहीला आहे, तुझ्या नव्हे. शिवाय कलम 57 प्रमाणे कृतीची मोडतोड होऊन कर्त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर हक्क विकल्यानंतरही हरकत घेता येते. पण कराराचं आठवं कलम अजून तुझ्या मानेवर आहे, म्हणून नोटीस पाठवण्याआधी वकीलबाई सांगतील ते निमूट ऐकायचं. नवा करार होईल तेव्हा त्यात उत्पादन कोणतं, माध्यम कोणतं, तीस सेकंदांची फिल्म की दहा सेकंदांची कापलेली आवृत्तीही, मुदत किती, मुदत वाढवली तर वाढीव पैसे किती, शब्द बदलण्याआधी विचारणार का, आणि तयार जाहिरात दाखवणार का, हे सगळं असेल. एवढं लिहून द्यायला तयार नसलेल्याला गाणं द्यायचं नाही, मग तो कितीही मोठ्या कंपनीचं नाव घेवो. तिसरं, आयपीआरएसचा फॉर्म तू आणि तिने, दोघांनी भरायचा.

बाकीच्यांनी ऐका. तुमच्या प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये निदान पाच-सहा गाणी पडून आहेत. प्रत्येक गाण्याची स्प्लिट शीट हवी मला: शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचे पैसे कुणी भरले, कुणाचा किती वाटा, आणि खाली प्रत्येकाची सही. लूप कुठून उचललं आणि त्याचं लायसन्स कुठे आहे, तेही. सोमवारी पहिल्या तासाला ती माझ्या टेबलावर हवी. ज्याची नसेल त्याने मंगळवारच्या रेकॉर्डिंगला येऊ नये. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे असते.